भट्टीवरची भिंत

"चोवीस दाखवतंय," जालिंदर म्हणाले, आणि म्हणताना त्यांच्या तोंडातून वाफ निघाली.

मी दोन स्वेटर घालून वर शाल गुंडाळून तांदूळ निवडत बसले होते. बोटं इतकी गारठली होती की खडा कुठला नि दाणा कुठला ते कळेना. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होतं, सगळा बाजार बंद होता, आणि भिंतीवरची ती पांढरी डबी मात्र ऐटीत चोवीस दाखवत होती.

"मोबाईलात बगा की," मी म्हणाले.

"मोबाईलात बी चोवीसच." त्यांनी डबीवर बुक्की मारली. आकडा हलला नाही. दुसरी इतक्या जोरात मारली की त्यांच्याच बोटाच्या सांध्यावरची कातडी सोलली आणि डबीच्या काचेला रक्त लागलं.

नवऱ्याचं नाव इथे लिहिते आहे. बोलताना मी ते अजूनही घेत नाही. आम्ही विट्याकडचे गलाईवाले. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची हा आमचा धंदा, आणि त्या धंद्यापायी आमची माणसं देशातल्या कुठल्याही गावात जाऊन राहतात. आम्ही सिमल्यात होतो. खाली दुकान, दुकानामागे भट्टीची खोली, वर घर. दुकान उभं केलं माझ्या थोरल्या दिरांनी, सर्जेरावांनी. त्यांना सगळे आबा म्हणायचे. आबांची बायको लग्नानंतर लवकरच गेली, त्यांनी दुसरी केली नाही, आणि बाप नसलेल्या धाकट्या भावाला सोबत आणून धंदा शिकवला. शिकवला म्हणजे मारून शिकवला. आबांचा हात उठायला फार वेळ लागत नसे, आणि माझा नवराही मुकाट्याने मार खाणाऱ्यातला नव्हता. मी या घरात आले तेव्हापासून दोघा भावांनी किती ताटं आपटली नि किती काचा फोडल्या, ते आठवायला बसले तर स्वयंपाक राहील.

त्यातलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते घर गरम कसं करायचं यावरून.

सासूबाई शेवटची काही वर्षं आमच्याकडेच होत्या. त्यांना मी आत्ती म्हणायची. माणदेशाच्या उन्हात जन्म गेलेली बाई, तिला सिमल्याचा हिवाळा कसा सोसावा? आबांनी तिच्या खाटेपाशी शेगडी ठेवली. भट्टीसाठीचा कोक कोळसा आणून तिच्यात स्वतःच्या हातानं भरायचे. गलाईवाल्याला विस्तव घालायचा म्हटलं तर दुसरं काय सुचणार? एका सकाळी आत्ती उठेनात. दारं-खिडक्या बंद, खोलीत कोंदलेला वास, आणि आत्तींचे ओठ निळे पडलेले. आम्ही त्यांना ओढत गॅलरीत आणलं तेव्हा कुठे श्वास लागला.

जालिंदरनी ती जळती शेगडी उचलून गॅलरीतून खाली बर्फात फेकली. "मारशील तिला," ते आबांना म्हणाले. "आख्ख्या जगाला सोनं गाळून देतुयास, आन् आईला धुरी देतुयास."

आबांच्या हातात सांडशी होती. तीच त्यांनी भावाच्या तोंडावर मारली. पुढचा दात तुटला आणि आत्तींच्या खाटेखाली गेला. जालिंदरनी आबांना भिंतीला दाबून त्यांचा गळा धरला. आत्ती खोकत खोकत दोघांनाही शिव्या देत होत्या. मी मध्ये पडले तेव्हा कुणाचा तरी कोपर माझ्या डोळ्यावर बसला आणि तो डोळा आठवडाभर काळा होता. कुणाचा कोपर, ते दोघांनीही कबूल केलं नाही.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग आबा जेवता जेवता ताटाकडे बघून म्हणाले, "आण तुझं काय आणायचं ते."

चौहान नावाचा तिथलाच एक मनुष्य घरं गरम करायची यंत्रं बसवायचा. तो येऊन बसला आणि त्यानं आमच्यापुढे चित्रं पसरली. एक तेलाचा हीटर, खोलीखोलीत एकेक ठेवायचा. एक गरम वारा सोडणारं यंत्र. आणि एक बॉयलर, त्यातून नळ्यांनी गरम पाणी फिरणार, प्रत्येक खोलीत भिंतीशी लोखंडी पट्ट्या, आणि मधल्या खोलीत ही डबी. खोलीची ऊब डबी मोजणार, कमी पडली की बॉयलर चालू करणार, पुरे झाली की बंद. सगळं मोबाईलवर दिसणार.

"वाऱ्याच्या यंत्रानं आईचा घसा सुकंल," जालिंदर म्हणाले. "तेलाचा हीटर म्हंजे आख्खी रात उठून बघत बसा. ह्यो बॉयलर बरा."

"आन् ती डबी बिघडली म्हंजे?" आबा म्हणाले. "इस्तवाला राखायला माणूस लागतो. डबी राखती व्हय कधी?"

"माणसानं राखला, तर काय झालं बगितलंस की."

आबांनी बाकीची चित्रं बाजूला सारली. बॉयलर ठरला.

डबी कुठे लावायची यावर चौहान पुन्हा पुन्हा सांगत होता की आतल्या भिंतीवर लावा, खिडकीपासून लांब, चुलीपासून लांब. आत्ती खाटेवरून म्हणाल्या, "देवापाशी लावा." आमच्या देवाची भिंत म्हणजे मधल्या खोलीतली पूर्वेची. खंडोबाचा टाक तिथे, सिद्धनाथाची तसबीर तिथे, सोनं वितळवायची दुकानाची पहिली मूसही तिथेच कोनाड्यात. ज्या कशावर घर चालतं ते देवापाशी, हा आत्तींचा नियम.

"या भिंतीमागे स्वयंपाकघर आहे का?" चौहाननं विचारलं.

"नाही," आम्ही तिघंही म्हणालो, आणि ते खरंच होतं.

डबी बसली. आत्तींनी तिला हळद-कुंकू लावलं, दोघा भावांना तिच्यापुढे हात जोडायला लावले, आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा पाय लांब करून झोपल्या.

एक मात्र कळेना. सकाळी घर छान असायचं आणि दुपार झाली की पट्ट्या गार पडायच्या. डबी म्हणायची चोवीस, पंचवीस, आणि आम्ही कुडकुडत असायचो. आबा भट्टीवरून जेवायला वर आले की त्यांना चेव यायचा. "जालू, तुझं यंत्र दुपारचं निजतंय. अंगाई म्हण जरा." जालिंदर चौहानला बोलावून घ्यायचे. तो यायचा बाजार बंद असेल त्या दिवशी, आणि त्या दिवशी यंत्र शहाण्यासारखं चालायचं. एकदा जालिंदरनी त्या गरिबाची कॉलर धरली. चौहान तरीही येत राहिला, चांगला माणूस होता.

पुढच्या हिवाळ्यात आत्ती गेल्या. झोपेतच गेल्या, उबेत गेल्या, एवढं तरी यंत्रानं केलं. बर्फानं रस्ते बंद, गावाकडे नेणं शक्य नव्हतं, तेव्हा तिथेच अग्नी दिला. आबांनी डोकं भादरलं. दुकानाचं शटर खाली ओढलं. सुतकात आमची भट्टी पेटत नाही. दुसऱ्या गलाईवाल्यांचं माहीत नाही, पण आबा या बाबतीत इतके कडक की मुशीलासुद्धा हात लावू देईनात. रोज दुपारी मात्र ते खाली जाऊन, उजेडासाठी शटर अर्धं वर करून, त्या थंड भट्टीपुढे एकटेच बसायचे.

त्या दिवसांत घर गरम होतं. दुपारीही गरम होतं. का, याचा विचार कुणी केला नाही; रडारडीत कोण करणार?

विचार चालला होता तो वेगळाच. आत्तींच्या गळ्यात बोरमाळ असायची, त्यांच्या आईकडून आलेली, मोठमोठ्या मण्यांची. अग्नी द्यायच्या आधी आबांनी ती काढून घेतली, हे मी पाहिलं. पुढे ती दिसली नाही. जालिंदरनी विचारलं तर आबा म्हणाले, "हाय. सुतक फिटू दे, मग बोलू." सरळ उत्तर देणं आबांच्या स्वभावात नव्हतं. पण जालिंदरच्या डोक्यात किडा शिरला. गलाईवाल्याच्या घरातला संशय फार वाईट. दागिना एकदा मुशीत गेला की तो कुणाच्या गळ्यात होता हे देवालाही सांगता येत नाही, आणि हे आमच्या घरातल्या प्रत्येकाला जन्मापासून माहीत.

तर सुरुवातीला सांगितलेल्या त्या दुपारी, सुतक फिटायच्या आधीच, घर पुन्हा गार पडलं. जालिंदरनी डबीला बुक्क्या मारल्या, आणि काचेवरचं रक्त पुसायला मी पदर घेऊन उठले. आधारासाठी दुसरा हात भिंतीवर टेकला.

भिंत गरम होती.

मी हात काढला, पुन्हा ठेवला. ज्या भिंतीमागे स्वयंपाकघर नव्हतं, खिडकी नव्हती, तिच्या पोटातून खालच्या भट्टीचं धुराडं वर जात होतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर त्या भिंतीवर देव होते. पण धुराडं हे 'भिंतीमागे' आहे असं गलाईवाल्याच्या मनात येत नाही; ते देवाखाली असतं. भट्टी पेटली की भिंत तापायची, डबीला वाटायचं घर तापलं, आणि ती बॉयलर बंद करून टाकायची. आबा खाली कामाला लागले की आम्ही वर गारठायचो. इतकं साधं होतं ते.

"अवं," मी म्हणाले, "खाली भट्टी पेटलीया."

जालिंदरनी भिंतीला हात लावला. त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला. "सुतकात," ते म्हणाले. "एकटा बसून. बोरमाळ गाळतुया आईची."

मी काही म्हणायच्या आत ते जिन्यावरून खाली गेले होते. मी मागोमाग पळाले. आतल्या जिन्याच्या तळाशी एक बोळ, आणि बोळाच्या टोकाला भट्टीच्या खोलीचं लाकडी दार. दार आतून बंद होतं. दारामागे भट्टीला वारा घालणाऱ्या ब्लोअरची घरघर चालली होती.

"आबा, दार उघड." त्यांनी दारावर लाथ घातली. "आईची राख अजून गार झाली न्हाई आन् तू भट्टी पेटवलीस? बोरमाळ गाळतुयास तिची?"

आतून आबांचा आवाज आला. "व्हय. गाळतुय."

"चोर हायस तू."

"हाय चोर. आईचं सोनं म्याच खाल्लं. तू वर जा." लगेच म्हणाले, "जालू, ऐक माझं. शालनला घे आन् शेजारी जाऊन बस. वर बी थांबू नगंस."

जालिंदर शिव्या देत होते. त्यांच्या कानात रागाशिवाय काही शिरत नव्हतं. माझ्या कानात मात्र आबांचं बोलणं अडकलं. शालन हे माझं नाव, पण भावजयीचं नाव आबांनी उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. मला ते 'पोरी' म्हणायचे, तेही दुसरीकडे बघून. मी खाली वाकले आणि दाराखालच्या फटीला डोळा लावला.

भट्टीच्या खोलीत पायताण घालून जायचं नाही, हा गलाईचा सगळ्यात पहिला धडा. तिथल्या धुळीत सोन्याचे कण असतात; ते तळव्याला चिकटून बाहेर जाऊ नयेत म्हणून बाहेर पडतानाही पाय परातीत धुवायचे आणि ते पाणीसुद्धा साठवायचं. तपासणीला आलेल्या साहेबालाही आबांनी दारात बूट काढायला लावले होते.

फटीतून मला आबांचे उघडे पाय दिसले. त्यांच्या दोन्ही बाजूंना बर्फानं ओले झालेले बूट होते. दोन माणसांचे.

मी उठून जालिंदरच्या तोंडावर हात दाबला. त्यांनी मला ढकललं, माझं डोकं भिंतीवर आपटलं. मी त्यांची कॉलर सोडली नाही. ओढून त्यांना खाली बसवलं आणि त्यांचं तोंड फटीपाशी नेलं. त्यांनी पाहिलं. आतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "जल्दी कर, बुड्ढे," आणि एक बूट आबांच्या पायावर दाबला गेला.

जालिंदरनी माझ्याकडे पाहिलं. इतका घाबरलेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. नवरा घाबरला की बाईला अक्कल येते, माझ्या बाबतीत तरी तसं झालं. मेन स्विच जिन्याखाली होता. त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि त्या खोलीत अंधारात वावरायला एकच माणूस सरावलेला होता, आबा. जिन्यापाशी बर्फ ओढायचं लोखंडी फावडं उभं होतं. ते मी त्यांच्या हातात दिलं.

"मी लाईट घालवते," त्यांच्या कानात म्हणाले. "मग दार फोडा."

मी स्विच खाली ओढला. ब्लोअर थांबला. आत कुणीतरी ओरडलं, आणि त्याच वेळी दुसरी एक किंकाळी आली, तसला आवाज माणसाच्या गळ्यातून निघतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आबांनी पेटत्या भट्टीतली मूस सांडशीनं उचलून एकाच्या छातीवर रिकामी केली होती.

जालिंदरनी फावड्यानं कडी उखडली. भट्टीच्या लाल उजेडात एक माणूस जमिनीवर लोळत स्वतःचा कोट फाडत होता आणि जळक्या मांसाचा वास सुटला होता. दुसरा आबांच्या अंगावर होता. त्याचा हात वर गेला आणि खाली आला, पुन्हा वर गेला. मग फावडं त्याच्या मानेवर बसलं. तो आबांवरून घरंगळला आणि सुरा त्याच्या हातातून सुटला. जालिंदर थांबले नाहीत. ते त्याला मारत राहिले, पाठीवर, हातांवर, डोक्यावर, आणि प्रत्येक फटक्याला एकच शब्द म्हणत होते: "आबा, आबा." लोळणाऱ्यानं माझ्या पायाला हात घातला. मी आबांची पडलेली सांडशी उचलून त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. मला दया आली नाही, आजही येत नाही.

शेवटी मी जालिंदरच्या पाठीला मिठी मारून त्यांना मागे ओढलं, नाहीतर त्या दिवशी ते खून करून बसले असते.

आबा भट्टीशेजारच्या भिंतीला टेकून बसले होते. पोटावर दोन्ही हात, आणि हातांच्या मधून रक्त येत होतं. त्या दोघांनी कुठलंतरी घर लुटलं होतं आणि ते दागिने ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांना ते वितळवून एक लगड करून हवी होती, हे पुढे पोलिसांनी सांगितलं. बर्फात बाजार बंद, अर्धं उघडं शटर, आत एकटा म्हातारा. त्यांना दुसरं काय पाहिजे होतं?

"आबा, मला कळलं न्हाई," जालिंदर म्हणाले. "मी तुला चोर..."

"मोठ्यानं बोलत हुतास," आबा म्हणाले. "त्यास्नी वाटलं भांडकुदळ भाऊ हाय, जाईल. बरं केलंस."

आरडाओरड ऐकून शेजारचे धावत आले. शटर वर गेलं, चार-पाच माणसं बर्फासकट आत शिरली आणि आबांना उचलू लागली. आबांनी एकाच्या पायाकडे बोट दाखवलं.

"जोडं," ते म्हणाले. "जोडं काढा म्हणावं त्यास्नी." त्यानंतर ते बोलले नाहीत.

दवाखान्यात नर्सनं त्यांचा सदरा कात्रीनं कापला. मफलरखाली, बनियनच्या आत, आत्तींची बोरमाळ होती. आई गेल्या दिवसापासून आबांनी ती स्वतःच्या गळ्यात घातली होती. एवढा दांडगा माणूस, लेकरासारखा आईचा दागिना उराशी लावून त्या थंड भट्टीपुढे बसायचा, आणि हे सांगायची त्याला लाज वाटत होती. नर्सनं माळ जालिंदरच्या हातात ठेवली. अंधार पडायच्या आत आबा गेले.

सुतकावर सुतक आलं. भट्टी बंदच राहिली, आणि घर गरम राहिलं. सकाळी गरम, दुपारी गरम, पट्ट्यांना हात लावावा तर चटका बसावा इतक्या तापलेल्या. चौहान भेटायला आला, हात जोडून बसला, आणि जाताना डबीकडे बघून हळूच म्हणाला की आता नीट चालते आहे ना, नाहीतर दुसऱ्या भिंतीवर लावून देतो. जालिंदर म्हणाले, "राहू दे." भेटायला आलेले सगळे स्वेटर काढून बसत होते आणि हे एका कोपऱ्यात घामेजून बसलेले असत. जेवत नव्हते, रडतही नव्हते. मला त्या उबेचा इतका संताप यायचा की वाटायचं, सांडशी घ्यावी नि डबीचा चुरा करावा.

सुतक फिटलं त्या दिवशी अंघोळ करून ते एकटेच खाली गेले. बराच वेळ वर आले नाहीत. मग ब्लोअरची घरघर ऐकू आली. ते वर आले, पाय धुतलेले, ओले, आणि देवाच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. आम्ही दोघं डबीकडे बघत राहिलो. वीस. बावीस. भिंत तापत गेली. चोवीस झाले आणि बॉयलर बंद पडला. पट्ट्या निवल्या, खिडक्यांवर ओल धरली, गारठा हळूहळू पायांत चढू लागला, जसा आबा खाली कामाला बसले की रोज चढायचा.

तेव्हा जालिंदर रडले. मी माझी शाल काढून त्यांच्या अंगावर घातली आणि शेजारी बसले.

डबी अजून त्याच भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, दुपारी तुमच्या घरात एवढं गार का असतं? मी त्यांना स्वेटर देते.